दात दुखण्याच्या आधीचे काम

दंतवैद्यकाच्या शिक्षणात विद्यार्थ्याच्या हाताला जे वळण लावले जाते, ते प्रामुख्याने दुरुस्तीचे असते. कीड खरवडून काढणे, पोकळीला योग्य आकार देऊन ती भरणे, नस सडली असेल तर रूट कॅनाल करणे आणि काहीच वाचण्याजोगे उरले नसेल तर दात काढून त्या जागी कृत्रिम दात बसवणे, या कौशल्यांवर वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते. मीही ती घेतली आणि पदवीनंतरची पहिली काही वर्षे हेच काम मन लावून केले. त्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात हळूहळू पक्की होत गेली. रुग्ण आमच्याकडे येतो तो दुखू लागल्यावर, आणि दंतक्षय मात्र त्याआधी कित्येक महिने, बहुधा काही वर्षे, कोणाच्याही लक्षात न येता चाललेला असतो. दात भरला की तो बरा झाला, असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात फक्त पोकळी बुजवली गेलेली असते. ती ज्या कारणांनी झाली, ती कारणे रुग्णाबरोबर घरी परत जातात. मग भरलेल्या भागाच्या कडेने पुन्हा कीड, मग आधीपेक्षा मोठे फिलिंग, मग रूट कॅनाल, मग कॅप, आणि शेवटी दात काढणे. या प्रत्येक पायरीवर दंतवैद्याने आपले काम चोख केलेले असते, आणि तरीही दात जातो.

मला प्रतिबंधाच्या कामाकडे वळवणारा दात नेमका सांगता येतो. तो म्हणजे पहिली कायमची दाढ. साधारण सहाव्या वर्षी ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरातल्या कोणाला तिचे आगमन कळतच नाही. समोरचा दात पडला की घरभर चर्चा होते; ही दाढ मात्र मागच्या कोपऱ्यात गुपचूप येते. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल, अरुंद खाचा असतात. पूर्ण वर येईपर्यंत कित्येक महिने ती शेजारच्या दातांपेक्षा खालीच राहते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. नऊ-दहा वर्षांचे मूल गाल धरून दवाखान्यात येई, ही दाढ आतून पोखरलेली निघे आणि सोबतचे पालक म्हणत, "दुधाचीच असेल ना डॉक्टर? पडून दुसरी येईल." ही कायमची दाढ आहे, पुन्हा येणार नाही, हे त्यांना सांगताना मला दर वेळी वाईट वाटे. पालक निष्काळजी नसत. त्यांना ही एवढी गोष्ट योग्य वेळी कोणी सांगितलेलीच नसे, आणि ती सांगण्याची योग्य वेळ मूल सहा वर्षांचे होण्याच्या आधीची होती, जेव्हा ते माझ्याकडे येण्याचे काही कारणच नव्हते. म्हणजे ते माझ्याकडे येईपर्यंत थांबून चालणार नव्हते; मीच ते जिथे असेल तिथे जायला हवे होते. पुढे सार्वजनिक दंतआरोग्याचे रीतसर शिक्षण घेण्याचा निर्णय मी यातूनच घेतला.

त्या शिक्षणात मला सर्वांत जास्त बळ दिले ते या शाखेच्या इतिहासाने. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायासाठी गेला, तेव्हा तेथे वाढलेल्या अनेकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. हे कशाने होते, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. डाग पाहून गप्प बसणे सोपे होते, कारण त्या लोकांचे दात दुखत नव्हते. मॅके मात्र वर्षानुवर्षे त्या डागांच्या मागे लागला. दंतवैद्यकातील त्या काळचे मोठे अभ्यासक ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक १९०९ पासून त्याच्यासोबत काम करू लागले, आणि दोघांच्या लक्षात आले की या डागाळलेल्या दातांना कीड फारशी लागत नाही. कारण पाण्यात असावे, हा मॅकेचा संशय खरा ठरायला १९३१ उजाडावे लागले. त्या वर्षी एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाला अशा पाण्यात फ्लोराइडचे मोठे प्रमाण सापडले. त्यानंतर ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे पाणी आणि तेथील मुलांचे दात यांची सांगड घातली, आणि दशलक्ष भागांत सुमारे एक भाग एवढे फ्लोराइड असेल तर डागांचा त्रास जवळजवळ होत नाही व कीड मात्र कमी होते, हे दाखवून दिले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराने सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड योग्य प्रमाणात मिसळण्यास सुरुवात केली. असे करणारे ते जगातील पहिले शहर होते. त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांमधील दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटला.

हा इतिहास मी पुढे प्रत्येक तुकडीला सविस्तर सांगत आले. एका दंतवैद्याने खुर्चीवर बसलेल्या रुग्णाचे तोंड पाहिले आणि मग खुर्ची सोडून तो त्या रुग्णाच्या गावच्या पाण्यापर्यंत पोहोचला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. रोगाचे कारण तोंडाच्या बाहेर शोधायचे असते, हे मी तेथे शिकले.

दुसरी गोष्ट शिकले ती साखरेबद्दल. गोड खाल्ले की प्लाकमधील, म्हणजे दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील, जिवाणू त्याचे आम्ल बनवतात आणि काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरील सामू (pH) सुमारे ५.५ या पातळीखाली घसरतो. या पातळीखाली एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल निष्प्रभ करते आणि अर्ध्या ते एक तासात परिस्थिती पूर्वपदावर येते. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात ही घसरण आणि तिचे सावरणे मोजून दाखवले, आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा तो आलेख प्रतिबंधाच्या कामात मी सर्वाधिक वेळा काढला आहे. एका वेळी किती गोड खाल्ले, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दाताच्या दृष्टीने अधिक निर्णायक का ठरते, ते त्या एका वक्ररेषेत दिसते. लाळेला सावरायला वेळच मिळाला नाही, तर दिवसभर दात आम्लात राहतो. याच विषयावर स्वीडनमधील व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात प्रयोग झाले आणि जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट गोड खाल्ल्याने कीड झपाट्याने वाढते, हे त्यांतून सिद्ध झाले. ते प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीचा विचार न करता झाले होते. त्यांचा निष्कर्ष सांगताना ही बाब मी कधीही वगळत नाही; ज्यांच्या दातांची किंमत देऊन हे ज्ञान मिळाले, त्यांची एवढी तरी आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

शिक्षण संपल्यावर प्रत्यक्ष कामाची सुरुवात पाहणीने झाली. समाजाला काही सांगायला जाण्यापूर्वी त्या समाजाच्या तोंडात काय आहे, हे ठाऊक असावे लागते. क्षय झालेले, त्यामुळे गमावलेले आणि भरलेले दात मोजण्याची पद्धत १९३८ पासून वापरात आहे आणि आजही जगभर तीच चालते. ऐकायला सोपी असली तरी ती पाळणे अवघड असते. एका तपासणाऱ्याला जी खाच काळपट पण टणक वाटते, तिलाच दुसरा कीड म्हणतो. म्हणून पाहणीआधी आम्ही सगळे तीच मुले स्वतंत्रपणे तपासत असू, नोंदी ताडून पाहत असू, मतभेद झालेल्या दातांवर चर्चा करत असू, आणि आमच्यातील एकवाक्यता आकडेवारीने पुरेशी सिद्ध झाल्याशिवाय खरी नोंद सुरू करत नसू. शाळेच्या व्हरांड्यात चांगल्या उजेडाकडे तोंड करून खुर्ची मांडायची, शेजारी नोंद घेणारी व्यक्ती बसवायची, आणि ठरलेल्या क्रमाने एकेक दाताचा संकेतांक मोठ्याने सांगत जायचे. हे काम कंटाळवाणे आहे असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते कधीही तसे वाटले नाही. दिवस संपताना जो तक्ता समोर येई, त्यात क्षय झालेल्या दातांचा रकाना भरलेल्या दातांच्या रकान्यापेक्षा कितीतरी मोठा असे. जितके दात खराब होत होते, तितके भरून काढण्याइतके दंतवैद्य कधीच उपलब्ध होणार नव्हते. प्रतिबंध हा उपचाराला जोडलेला एक पूरक कार्यक्रम नसून बहुसंख्य मुलांसाठी तोच एकमेव शक्य उपाय आहे, हे मला त्या तक्त्यांनी पटवून दिले.

त्यानंतर शाळांमधले शिक्षण आले, आणि त्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. दंतआरोग्याचे शिक्षण म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते: मोठा प्लास्टिकचा जबडा, मोठा ब्रश, सभागृहात बसलेली मुले आणि समोर बोलणारे डॉक्टर. मुलांना हा कार्यक्रम आवडतो आणि नंतर प्रश्न विचारले तर ती बिनचूक उत्तरेही देतात. पण आम्ही काही महिन्यांनी पुन्हा जाऊन त्याच मुलांच्या दातांना प्लाक दाखवणारे रंगद्रव्य लावले, तेव्हा उत्तरे तोंडपाठ होती आणि दातही पूर्वीइतकेच रंगले. एलिझाबेथ के आणि डेव्हिड लॉकर यांनी १९९० च्या दशकात अशा शिक्षणाविषयीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांनाही हेच आढळले होते: ज्ञान वाढते, प्लाक थोड्या काळापुरता कमी होतो, आणि कीड मात्र कमी होते ती जेथे फ्लोराइडचा वापर जोडलेला असतो तेथे. तेव्हापासून शाळेत काय सांगायचे याऐवजी शाळेत रोज काय घडायला हवे, हा प्रश्न मी विचारू लागले.

रोज घडायला हवे होते ते देखरेखीखाली दात घासणे. शिक्षकांच्या नजरेसमोर, दिवसातून एकदा, फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने. स्कॉटलंडच्या चाइल्डस्माइल कार्यक्रमाने शिशुशाळांमधून हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेले आहे, त्यामुळे कल्पना सिद्ध होती. अडचणी सगळ्या तपशिलांत होत्या. ब्रश कोठे ठेवायचे? ते एकमेकांना टेकता कामा नयेत, वाळले पाहिजेत आणि प्रत्येकावर त्या मुलाची खूण हवी. पेस्ट किती? तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर कधीही नाही. पेस्ट सगळ्या ब्रशांना थेट ट्यूबमधून लावली तर एकाचे जंतू दुसऱ्याकडे जातात, म्हणून ती आधी कागदावर छोट्या छोट्या ठिपक्यांत काढायची आणि प्रत्येक मुलाने आपला ठिपका उचलायचा. पेस्टमधील फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत किमान एक हजार असायला हवे, त्याहून कमी असल्यास उपयोगाची खात्री देता येत नाही. आणि घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, कारण दातांवर राहिलेला फ्लोराइडचा पातळ थरच पुढचे काम करतो. ही शेवटची सूचना मोठ्यांना सर्वांत जड गेली. लहानपणापासून चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही, अशी त्यांची तक्रार असे. मुलांनी मात्र ती एका दिवसात आत्मसात केली.

शिक्षकांचा पहिला प्रतिसाद थंड होता आणि मला तो पूर्णपणे समजण्याजोगा वाटला. त्यांच्या वेळापत्रकात आधीच कोणा ना कोणाची मोहीम घुसलेली असते. एक शिक्षिका मला स्पष्टच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही येऊन जाल. रोज हे आम्हाला करायचं आहे." त्यांचे म्हणणे मी टिपून घेतले आणि पुढची सगळी आखणी त्याच वाक्याभोवती केली. वेगळा तास मागायचा नाही, मुले जेवून हात धुतात त्यालाच हे जोडायचे. पाण्याच्या नळाशी गर्दी होऊ नये म्हणून बसल्या जागी घासून कागदी पेल्यात थुंकायचे. नोंदवही एका ओळीची ठेवायची. जेथे मुख्याध्यापकांनी ही जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे दिली तेथे काम टिकले. जेथे ती सगळ्यांची म्हणून सोडली गेली, तेथे ते हळूहळू बंद पडले. मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू करून देण्यासाठी कोणीतरी जावेच लागते, हेही अनुभवाने कळले, आणि ते जाणे मी वर्षाच्या नियोजनातच धरू लागले.

याच शाळांमध्ये नव्या उगवलेल्या दाढांच्या खाचांवर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ संरक्षक थर, लावण्याचे आणि वर्षातून दोन वेळा फ्लोराइडचे व्हार्निश, म्हणजे दातांना चिकटून राहणारा लेप, लावण्याचे कामही चाले. सीलंट शक्य झाले ते मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ मध्ये एनॅमलला आम्लाने खरबरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची पद्धत मांडल्यामुळे. माझ्या त्या पहिल्या दाढेला मिळालेले हे खरेखुरे संरक्षण आहे, म्हणून मला त्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. ज्या मुलांना कीड लागून गेली होती आणि ड्रिलची भीती वाटत होती, त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड उपयोगी पडे. ते कीड थांबवते, पण किडलेला भाग कायमचा काळा करते. हा काळेपणा पालकांना छायाचित्रांतून आधी दाखवायचा आणि त्यांनी होकार दिल्यावरच औषध लावायचे, हा माझा नियम आहे. आधी न सांगता लावले, तर मुलाचा दात वाचतो आणि पालकांचा विश्वास जातो.

समूहासमोर बोलणे आणि एका माणसाशी बोलणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि दुसरे मला अधिक कठीण वाटले. दंतवैद्याला सूचना देण्याची सवय असते: हे करा, ते करू नका. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये व्यसनमुक्तीच्या कामातून एक वेगळी संवादपद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह ती विकसित केली. बदलाचे कारण समोरच्या माणसाच्या तोंडून येऊ द्यावे, हा तिचा गाभा. मी तिचे प्रशिक्षण घेतले आणि माझ्या बोलण्याची रीत पार बदलली. एका आईच्या भेटीचे उदाहरण देते. तिच्या दीड वर्षाच्या मुलाचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषा होत्या. दंतक्षयाची ही अगदी पहिली खूण असते आणि या टप्प्यावर तो मागे फिरवता येतो.

"रात्री झोपताना बाळ काय घेतं?" मी विचारले.

"दुधाची बाटली. ती तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही हो डॉक्टर. काढली की रडतो, मग सगळं घर जागं."

"आणि उठावं तुम्हालाच लागत असेल."

"मलाच. सकाळी पुन्हा कामावर जायचं असतं."

मी पांढऱ्या रेषा तिला आरशात दाखवल्या, त्या कशाने होतात ते दोन वाक्यांत सांगितले आणि विचारले, "यातलं काय बदलणं तुम्हाला जमेल असं वाटतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाटली लगेच बंद नाही होणार. पण मी त्यात साखर घालते, ती कमी करता येईल."

"चालेल. तिथूनच सुरू करू. आणि बाटलीच्या आधी दात घासायचं काम घरात दुसरं कोणी घेईल का?"

"त्याचे बाबा घेतील. सांगते त्यांना."

साखर हळूहळू कमी होत गेली, मग दुधाच्या जागी पाणी आले आणि नंतर बाटली सुटली. पुढच्या तपासणीत त्या रेषांचा खडबडीतपणा जाऊन त्या टणक आणि चकचकीत झाल्या होत्या, म्हणजे क्षय थांबला होता. या संवादात मी बाटली सोडायला सांगितलेच नव्हते. मी सांगितले असते तर ती "हो" म्हणून घरी गेली असती आणि पुन्हा आली नसती, असे मला खात्रीने वाटते. रात्री दोन वाजता रडणारे मूल कडेवर घेऊन उभी असलेली आई काय करू शकते, हे तिलाच माहीत असते.

हिरड्यांबद्दल बोलताना मला हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग फार उपयोगी पडतो. निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांनी, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर त्या थोड्याच दिवसांत बऱ्या झाल्या. रक्त येते म्हणून लोक हिरडीला ब्रश लावायचे थांबवतात आणि त्यामुळे रक्त अधिक येते. हा प्रयोग साध्या शब्दांत सांगितला की ते स्वतः करून पाहायला तयार होतात, आणि रक्त थांबल्याचा अनुभव त्यांना माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतो. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्याकडे तिरका धरून हलकेच हलवायचा, एवढेच मी त्यांच्याच ब्रशने, त्यांच्याच तोंडात, आरशात दाखवते. किडलेल्या, सडलेल्या दातांची भयानक चित्रे मात्र मी कधीही वापरत नाही. भीतीने माणूस दात घासायला लागत नाही; तो दंतवैद्याकडे यायचे टाळतो.

फ्लोराइडविषयी शंका घेऊन येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना उडवून लावणे मला गैर वाटते. जास्त फ्लोराइडने दातांवर आणि फारच जास्त असेल तर हाडांवर परिणाम होतो, हे खरे आहे. मॅकेला दिसलेले तपकिरी डाग हे त्याचेच रूप होते. पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे आणि काही प्रदेशांत जमिनीतील पाण्यात ते नैसर्गिकरीत्या याहून पुष्कळ जास्त असते. तेथे काळजी घ्यायची ती पाण्याची. म्हणून मी आधी विचारते की तुम्ही कोणते पाणी पिता, ते कधी तपासले आहे का, घरात लहान मूल पेस्ट गिळते का. त्यानंतरच सल्ला देते. पेस्टचे प्रमाण वाटाण्याएवढे ठेवले आणि मोठे माणूस शेजारी उभे राहिले, तर बहुतेक शंका तेथेच मिटतात.

या कामाने मला आणखी एक गोष्ट मान्य करायला लावली. ती म्हणजे वैयक्तिक शिक्षणाला मर्यादा आहेत. दिवसभराच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग मुक्त साखरेतून (पदार्थांत वरून घातलेली, तसेच मध आणि फळांच्या रसातील साखर) यावा, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आला तर अधिक चांगले, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. पण ज्या शाळेच्या आवारातच गोड पेये विकली जातात, त्या शाळेतील मुलाला ही शिफारस ऐकवण्यात काय अर्थ आहे? ऑब्री शीहॅम आणि रिचर्ड वॉट यांनी २००० मध्ये मांडलेला विचार मला येथे मार्गदर्शक ठरला: साखर, तंबाखू आणि मद्य ही कारणे दातांप्रमाणेच मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्याही मुळाशी आहेत, तेव्हा दंतवैद्याने एकट्याने मोहीम चालवण्यापेक्षा या सर्व क्षेत्रांतील लोकांबरोबर काम करावे. त्यानुसार मी बालरोगतज्ज्ञांना भेटून लहान मुलांची औषधे शक्य तेथे बिनसाखरेची लिहून देण्याची विनंती करू लागले, लसीकरणासाठी येणाऱ्या बाळाचा ओठ उचलून पाहण्याचे परिचारिकांना शिकवू लागले, आणि शाळांच्या व्यवस्थापनांशी आवारातील विक्रीबद्दल बोलू लागले. यातले शेवटचे काम सर्वांत संथ आहे. तरीही शाळेच्या आवारातून गोड पेये हटवण्याचा एक निर्णय कित्येक व्याख्यानांपेक्षा जास्त दात वाचवतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

व्यापक पातळीवर परिस्थिती अलीकडे थोडी अनुकूल झाली आहे. जगातील जवळजवळ साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचे काही ना काही विकार आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने मुखआरोग्याविषयी ठराव केला आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत आली. पैशांची मागणी करणाऱ्या अर्जांत मी या नोंदींचा आधार घेते, आणि त्याचा उपयोग होतो. हे सांगण्याचे कारण असे की प्रतिबंधाच्या कामात यश दाखवणे कठीण असते. दुखणे थांबवले तर रुग्ण आभार मानतो. जे दुखणे झालेच नाही त्याबद्दल आभार मानायला कोणी येत नाही, आणि निधी देणारेही येत नाहीत. त्यामुळे मोजमाप काटेकोर असावे लागते. कार्यक्रमाआधीची पाहणी, नंतरची पाहणी, त्याच पद्धतीने, शक्य तर कार्यक्रमात नसलेल्या शाळांशी तुलना करून. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुण दंतवैद्यांना मी आवर्जून सांगते की संख्याशास्त्र मनापासून शिका, दवाखान्यातले हातही पूर्णपणे सोडू नका, कारण वेदना हाताळणाऱ्या डॉक्टरचे म्हणणे लोक अधिक विश्वासाने ऐकतात, आणि उत्पन्न कमी राहील हे आधीच घरच्यांशी बोलून घ्या.

सध्या माझा बराचसा वेळ वृद्धांसाठी जातो. दात टिकवून म्हातारपणापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्या दातांची निगा राखणारे हात मात्र थकलेले असतात. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि इतर अनेक औषधांनी लाळ कमी होते, हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडतात आणि तेथे कीड झपाट्याने पसरते. जपानमधील योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ वृद्धाश्रमांत केलेल्या अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज तोंड स्वच्छ केल्याने न्यूमोनियाचे प्रमाण कमी झालेले आढळले; म्हणजे हा प्रश्न केवळ दातांचा राहिलेला नाही. वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना मी शिकवते ते असे: व्यक्तीला शक्यतो बसते करावे, निदान डोके वर उचलून मान एका बाजूला वळवावी, मागे उभे राहून हनुवटीला आधार द्यावा, फेस गिळला जाऊ नये म्हणून पेस्ट अगदी कमी घ्यावी, कवळी रात्री काढून ब्रशने घासून पाण्यात ठेवावी, आणि कवळी असली तरी हिरड्या व जीभ पुसायला विसरू नये. तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांहून अधिक राहिला, तर कळवावे. औषधांच्या वेळा ज्या तक्त्यावर लिहिल्या जातात, त्याच तक्त्यावर तोंडाच्या स्वच्छतेचा एक रकाना आम्ही आता छापून घेतला आहे, आणि पुढच्या प्रशिक्षणात रात्रपाळीच्या सेविकांनाही बोलावले आहे, कारण कवळी काढण्याची वेळ त्यांच्याच पाळीत येते.